बिल नव्या तेलाचं, गिअरबॉक्समध्ये तेल जुनंच

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बदललं म्हणून एका गॅरेजने माझ्याकडून पूर्ण पैसे घेतले आणि तेल बदललंच नाही. बिलावर फिल्टर बदलल्याचं लिहिलं होतं, तोही बदलला नव्हता. हे उघडकीला आलं ते काही महिन्यांनी मी आणि माझ्या मामेभावाने घरासमोर गाडी उभी करून तेच काम स्वतः करायला घेतलं म्हणून. नाहीतर त्या गॅरेजचं नाव मी आजही चार ओळखीच्यांना सुचवत राहिले असते. इथे कॅलिफोर्नियात जुनी फोर-बाय-फोर हौसेने सांभाळणारे मराठी लोक पुष्कळ आहेत, आणि पुण्या-नाशकातही जुन्या ऑटोमॅटिक एसयूव्ही भरपूर धावतात. त्या सगळ्यांसाठी जरा सविस्तर लिहिते.

गाडी टोयोटा फोररनर, २००६ सालची. चार लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, फोर-व्हील ड्राइव्ह, पाच गिअरचा ऑटोमॅटिक. गाडी दणकट आहे आणि आम्ही ती शोभेला ठेवलेली नाही. डेथ व्हॅलीतले दगडी रस्ते, ओशियानो ड्यून्सची वाळू, सिएरातले चढ, सगळीकडे ती गेली आहे. अशा वापरात इंजिनापेक्षा जास्त हाल होतात गिअरबॉक्सच्या तेलाचे. वाळूत किंवा खड्या चढावर हळू चालताना टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग, लॉक होत नाही, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजू थेट जोडल्या जात नाहीत. आतलं तेल घुसळत राहतं आणि तापतं. असं तेल वारंवार तापलं की त्याचे गुण जातात.

माझ्या गाडीत ताशी ४५ ते ५० मैलांच्या वेगाला, पाय हलका ठेवला की, रस्त्याकडेच्या खरबरीत पट्टीवरून चाक गेल्यासारखी थरथर यायला लागली. कन्व्हर्टर लॉक होताना अशी थरथर आली तर बरेचदा कारण तेलच असतं. आधीच्या मालकाकडच्या कागदांत तेल बदलल्याची नोंद कुठेच नव्हती. म्हणून मी गाडी गॅरेजला दिली. सरळ विचार होता, पैसे जातील पण काम नीट होईल.

आता खरी मेख. या गाडीच्या गिअरबॉक्सला, म्हणजे टोयोटाच्या ए-७५०-एफला, डिपस्टिकच नाही. इंजिन ऑईल कसं, बॉनेट उघडलं, पट्टी ओढली, पुसली, पाहिलं की झालं. इथे तसं काही पाहायला मिळत नाही. तेल भरायचं बूच गिअरबॉक्सच्या कुशीला आहे, पातळी तपासायचं छोटं बूच खाली चेंबरला, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या भांड्याला आहे, आणि दोन्हींसाठी गाडीखाली झोपावं लागतं. आत कुठल्या रंगाचं तेल आहे, हे मालकाला वर्षानुवर्षं कळत नाही. फसवणाऱ्याला याहून सोयीचं काम दुसरं कुठलं असेल असं मला वाटत नाही. ब्रेक पॅड बदलले नाहीत तर आवाज येतो, टायर बदलले नाहीत तर डोळ्यांना दिसतं. गिअरबॉक्सचं तेल न बदलता नुसतं बिल फाडलं, तर गाडी दुसऱ्या दिवशी तशीच चालते.

बिल छान तपशीलवार होतं: बारा क्वार्ट (क्वार्ट म्हणजे लिटरला जरा कमी) टोयोटाचं डब्ल्यूएस नावाचं गिअरबॉक्स तेल, नवा फिल्टर, चेंबरचं नवं पॅकिंग, मजुरी. मिळून पावणेचारशे डॉलरच्या आसपास. थरथर तशीच आहे हे मला पहिल्याच हायवेवर जाणवलं आणि मी लगेच फोन केला. उत्तर मिळालं की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर नव्या तेलाशी जुळवून घेतो, काहीशे मैल चालवा. यात अर्धं सत्य आहे, आणि म्हणूनच ते पटतं. गिअर टाकण्याचा दाब कॉम्प्युटर खरंच हळूहळू शिकतो. पण खराब तेलाने येणारी थरथर शिकवणीने जात नाही.

पुढे सिएरातल्या सोनोरा पास घाटाच्या बाजूने येताना थरथर फारच वाढली. माझा मामेभाऊ मिलपिटासला राहतो, स्वतःच्या गाड्यांचं सगळं काम घरी करतो. तो म्हणाला, "ताई, परत कुणाला देऊ नकोस. आपण दोघं रविवारी उघडून बघू, तेल मी आणतो."

फोररनर उंच असल्यामुळे जॅक न लावताही खाली सरकता येतं, आणि या कामाला गाडी सपाट जमिनीवरच हवी असते. तो खाली गेला, टॉर्च मारला, आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "ताई, तू जरा खाली ये. पान्याला हात लावण्याआधी हे बघून घे."

चेंबरच्या कडेने छोटे बोल्ट असतात. त्यातल्या काहींच्या डोक्यावरून चेंबरच्या पत्र्यावर उतरलेली पिवळ्या रंगाची बारीक रेघ होती. गाडी बनवताना बोल्ट आवळून झाला की अशी खूण मारतात. बोल्ट एकदा जरी फिरला तरी रेघ तुटते, डोक्यावरचा तुकडा आणि पत्र्यावरचा तुकडा समोरासमोर राहत नाहीत. इथे रेघ सलग होती. भरायच्या बुचाच्या चोवीस एमएमच्या डोक्याभोवती चिखल बसून कडक झाला होता. चिखल सर्व्हिसिंगनंतर बसला असेल असं कुणी म्हणेल, म्हणून चिखलाचं मी धरत नाही. पण ती रेघ नंतर कुणी ओढायला येत नाही.

"थांब, आधी फोटो काढ," तो म्हणाला. "जवळून काढ, आणि एक लांबून काढ, गाडी तुझीच आहे हे दिसलं पाहिजे." हा सल्ला पुढे फार उपयोगी पडला.

आधी भरायचं बूच उघडलं. हा क्रम कधीही उलटा करू नये. तेल खाली सोडलं आणि वरचं बूच गंजून अडकलं, तर गाडी जागेवर बसते. ते सैल झाल्यावरच चौदा एमएमचा ड्रेन बोल्ट काढला. आलेलं तेल काळपट तपकिरी होतं आणि त्याला करपल्याचा वास होता. डब्ल्यूएस तेल नवं असताना स्वच्छ लाल असतं. मोजून सुमारे तीन लिटर निघालं. एवढंच निघतं, कारण गिअरबॉक्समध्ये एकूण दहा-अकरा लिटर तेल असतं आणि बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्यांत अडकून राहतं.

मग चेंबर उतरवला. पॅकिंग दोन्ही बाजूंना चिकटून इतकं कडक झालं होतं की तुकड्या-तुकड्यांत खरवडून काढावं लागलं. काही महिन्यांपूर्वी बसवलेलं पॅकिंग असं होत नाही. फिल्टर जुना, मळका. चेंबरच्या तळाशी लोहचुंबक असतात, त्यांच्यावर करड्या लोण्यासारखा गाळ जाड साचला होता. मी घाबरले, पण भावाने बोटावर घेऊन चोळून दाखवला: बारीक, मऊ, कण लागत नाहीत. एवढी झीज जुन्या गिअरबॉक्समध्ये असतेच. धातूच्या चिपा, कपच्या सापडल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. हे लक्षात ठेवा, कारण हाच करडा गाळ दाखवून गिअरबॉक्स गेला म्हणून सांगणारे मेकॅनिकही असतात.

नवा फिल्टर आणि पॅकिंग बसवून, जेवढं निघालं तेवढंच नवं तेल हातपंपाने भरलं. चेंबरचे बोल्ट अगदी हलक्या हाताने, टॉर्क पान्यानेच (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) आवळायचे, जोर लावला की कड वाकते आणि गळती लागते. त्यानंतर पातळी. इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, गिअर सगळ्या जागांवरून फिरवायचा, मग तेलाचं तापमान साधारण ४६ ते ५६ अंश सेल्सिअसच्या मध्ये असताना तपासणीचं छोटं बूच उघडायचं. बारीक धार येऊन थेंब थेंब पडायला लागले की पातळी बरोबर. तेल जास्त गरम असताना उघडलं तर फुगलेलं तेल सांडतं आणि गिअरबॉक्समध्ये कमी राहतं, थंड असताना पाहिलं तर जास्त राहतं. तापमान आम्ही ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं छोटं यंत्र, लावून मोबाइलवर पाहिलं. पुढच्या काही आठवड्यांत चेंबर न उतरवता तेवढंच तेल सोडून भरायचं काम पुन्हा पुन्हा केलं, तेव्हा निघणारं तेल हळूहळू लाल होत गेलं. थरथर आता जवळजवळ गेली आहे.

मी फोटो, जुना फिल्टर आणि पॅकिंगचे तुकडे घेऊन गॅरेजमध्ये गेले. मालकाने पहिलं उत्तर दिलं ते तयारच असावं: "आम्ही मशीनने बदलतो, कूलरच्या नळीला जोडून. त्यात बोल्ट उघडावेच लागत नाहीत." अशी मशीन असतात हे खरं आहे. मी बिल पुढे केलं. मशीनने तेल बदलता येतं, पण फिल्टर चेंबरच्या आत असतो, आणि पॅकिंग चेंबर उतरवल्याशिवाय बदलता येत नाही. बिलावर दोन्हींचे पैसे लावलेले होते. त्यावर तो म्हणाला, टोयोटाचं हे तेल आयुष्यभराचं असतं, तुमचं काही नुकसान झालेलं नाही. म्हणजे बदललं म्हणूनही पैसे घ्यायचे, आणि बदलायची गरजच नव्हती असंही सांगायचं! टोयोटाच्या इथल्या देखभालीच्या पुस्तिकेत सर्वसाधारण वापरासाठी तेल बदलण्याचा टप्पा दिलेला नाही हे बरोबर आहे, पण ट्रेलर ओढणाऱ्या किंवा जड सामान वाहणाऱ्या गाड्यांसाठी ६०,००० मैलांना बदला असं आहे. शेवटी त्याने थरथर म्हणजे गिअरबॉक्स संपल्याची खूण आहे, उघडून पूर्ण बांधावा लागेल, असाही धाक घालून पाहिला. त्या वेळेपर्यंत थरथर कमी झालेली होती, म्हणून मला ते ऐकून भीती वाटली नाही, संताप आला. आईवडिलांना घेऊन दऱ्यांच्या रस्त्यांवर जी गाडी मी चालवते, तिच्याशी हा खेळ होता.

कॅलिफोर्नियात गॅरेजची नोंदणी ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर या सरकारी खात्याकडे असते. मी तिथे ऑनलाइन तक्रार केली, फुकट होते. बिल, फोटो आणि तारखा जोडल्या. ब्युरो गॅरेजशी बोलून तडजोड घडवते, पैसे परत द्या असा हुकूम मात्र देऊ शकत नाही. परवान्यावर कारवाई करायचा अधिकार तिच्याकडे आहे, आणि गॅरेजवाल्यांना ते चांगलं ठाऊक असतं. माझे पूर्ण पैसे परत आले. चूक झाली असं कुठेही लिहून दिलं नाही, "ग्राहकाच्या समाधानासाठी" एवढंच. तरीही मी तक्रार मागे घेतली नाही.

इथला एक नियम बऱ्याच जणांना माहीत नसतो. काम सुरू होण्याआधी लेखी अंदाजपत्रक देणं गॅरेजवर बंधनकारक आहे, आणि काम देतानाच तुम्ही सांगितलंत तर काढलेले जुने पार्ट त्यांनी तुम्हाला परत द्यावे लागतात. वॉरंटीत किंवा बदल्यात कंपनीला परत जाणारे पार्ट निदान दाखवावे लागतात. म्हणून गाडी सोडतानाच कागदावर लिहून घ्या: जुना फिल्टर आणि जुनं पॅकिंग मला हवं आहे. नंतर मागाल तर कचऱ्यात गेलं म्हणतील. जुना फिल्टर तेलाने माखलेला असतो, तो तेवढ्यासाठी दुसरीकडून पैदा करणं सोपं नाही.

गाडी देण्याच्या आदल्या दिवशी खाली जाऊन भरायच्या बुचावर, ड्रेन बोल्टवर आणि चेंबरच्या दोन-तीन बोल्टांवर नेलपेंटची एक रेघ ओढा, बोल्टाच्या डोक्यावरून पत्र्यावर जाईल अशी. फोटो काढून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. गॅरेजला ते सांगायची गरज नाही. तेल स्वतः विकत घेऊन, सीलबंद बाटल्या नेऊन दिल्या तर आणखी बरं, आणि रिकाम्या बाटल्या परत मागा. काही गॅरेज ग्राहकाचं तेल वापरत नाहीत, तो त्यांचा हक्क आहे. पण जुना पार्ट दाखवायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडे गाडी सोडू नका.

भारतात असाल तर बिलावर तेलाचं नाव, लिटर आणि फिल्टरचा पार्ट नंबर स्वतंत्र ओळींत लिहून घ्या. "गिअरबॉक्स सर्व्हिस" असा एकच मोघम आकडा घेऊ नका, कारण पुढे भांडायची वेळ आली तर त्यातून काहीच सिद्ध करता येत नाही. गॅरेजवाला दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तिथेही आधी विचारतील ते बिल आणि फोटोच.