म्यूऑनचा डबा: दोन सत्रं वापरल्यावर
कण भौतिकीच्या आमच्या गटात एम.एस्सी.ची प्रॅक्टिकल्स माझ्या गळ्यात पडलीयत, त्यामुळे म्यूऑनचं (इलेक्ट्रॉनच्या जड, अल्पायुषी भावंडाचं) आयुर्मान मोजणारं हे यंत्र मी दोन सत्रं हाताळलंय. काळं नळकांडं, आत प्लॅस्टिक सिंटिलेटर, म्हणजे कण शिरला की चमकणारा ठोकळा, खाली ती चमक टिपणारी फोटोमल्टिप्लायर ट्यूब. वातावरणात वर जन्मलेला म्यूऑन आत येऊन थांबला की एक चमक, त्याचा ऱ्हास होऊन इलेक्ट्रॉन सुटला की दुसरी. दोन चमकांमधला वेळ मोजत राहायचा, बस्स.

पहिल्याच दिवशी चमकांचा काउंट सेकंदाला तीनशेच्या वर! एवढ्याशा नळकांड्यातून पाच-सहा म्यूऑन जायला हवेत. थ्रेशोल्डचं, म्हणजे किती मंद चमक मोजायची ते ठरवणारं बटण प्रत्येकानं पिळून पाहिलं. शेवटी सहज खोलीतले दिवे घालवले आणि आकडा धाडकन खाली आला. केबल बाहेर पडते तिथली रबरी चकती नीट बसलेली नव्हती, उजेड आत झिरपत होता. काळ्या इन्सुलेशन टेपचे चार वेढे दिले, प्रश्न मिटला. पण हे काम कंपनीचं होतं.

खरी कुरकुर पुस्तिकेबद्दल. तीत छापलंय: आयुर्मान 2.2 मायक्रोसेकंद, प्रयोगाचा वेळ तीन तास. आमच्या डब्यात थांबून ऱ्हास पावणारे म्यूऑन मिनिटाला जेमतेम एक. तीन तासांत पावणेदोनशे नोंदी, म्हणजे उत्तरात सात-आठ टक्के इकडेतिकडे होणारच. तेच पाच दिवस चालू ठेवलं तर सात हजार नोंदी होतात आणि उत्तर येतं 2.1च्या आसपास. यंत्र बिघडलेलं नसतं. ऋण विद्युतभाराच्या म्यूऑनांपैकी काहींना प्लॅस्टिकमधल्या कार्बनचं केंद्रक ऱ्हासाआधीच गिळतं, म्हणून सरासरी घसरते. पुस्तिकेत याबद्दल अवाक्षर नाही. मग एका मुलीच्या जर्नलमध्ये 2.12 खोडून वर सुबक अक्षरात 2.20 लिहिलेलं सापडतं. मी खोडलेल्या आकड्याला मार्क दिले.

नोंदी साध्या टेक्स्ट फायलीत उतरतात, कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडतात, हे मात्र झकास. फक्त संगणक स्लीप मोडमध्ये जाऊ देऊ नका. आमचे शनिवार-रविवार तसेच वाया गेले.

आठवडाभर कोपऱ्यात चालू ठेवणार असाल तर चार तारे. तीन तासांच्या प्रॅक्टिकलपुरतं घेत असाल तर दोनच.