बीपी-शुगरची गोळी: गावच्या उपकेंद्रातून की तालुक्याच्या डॉक्टरकडून?

मुलगा पुण्यात, मायबाप वर्ध्याकडच्या खेड्यात आणि दोघांनाही बीपी. अशा घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-औषध मोफत आहे. पण माझ्या लेखी उपकेंद्राचा खरा फायदा म्हणजे ते चालत जाण्याच्या अंतरावर असतं. आशाताई गावातलीच; गोळ्या न्यायला कोणी आलं नाही तर घरी डोकावते. म्हाताऱ्यांची गोळी बहुतेकदा सुटते ती "आता बरं वाटते ना, मंग गोयी काह्याले खाऊ?" या हिशोबानं. त्यावर पुण्याहून फोन करून काही होत नाही, दारात येऊन दटावणारं कोणी लागतं. उणी बाजूही आहे. साठा मधेच संपतो. गोळीचा रंग बदलला की बाबा ती बाजूला ठेवून देतात.

तालुक्याचा डॉक्टर निवांत तपासतो, ईसीजी आणि रक्त तिथंच होतं. फी आणि मेडिकलचं बिल आलंच. पंच्याहत्तरीपुढे एसटी फुकट, बायांना कोणत्याही वयात अर्धं तिकीट. पण कापूस वेचणीच्या दिवसांत सोबत जाणार कोण? मग जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तीच गोळी वर्षभर येत राहते आणि तपासणी राहून जाते.

मी असतो तर महिन्याच्या गोळ्या गावातून घेतल्या असत्या आणि वर्षातून दोनदा तालुका गाठला असता: क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), आणि शुगर असेल तर पाय व डोळ्यांचा पडदा तपासायला. त्यातली एक फेरी उन्हाळ्याआधीच. लघवी जास्त करवणारी बीपीची गोळी असेल तर नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, चक्कर येऊ शकते. डोस कमी करायचा का, ते डॉक्टरला आधीच विचारा, मनानं गोळी बंद करू नका.

दोन्हीकडून औषध येऊ लागलं की मात्र सांभाळा. सरकारी पट्टीवर 'अॅम्लोडिपिन' असं बीपीच्या औषधाचं मूळ नाव लिहिलेलं असतं, मेडिकलच्या पट्टीवर कंपनीचं नाव मोठं आणि तेच अॅम्लोडिपिन खाली बारीक अक्षरात. बाबा दोन्ही खातात आणि मग पाय सुजतात, उठताना तोल जातो. गावी गेलात की डबा उपडा करा, बारीक अक्षरं जुळवा, दुहेरी निघालेली पट्टी डॉक्टरला दाखवून बाद करा. फाईल दोन्ही ठिकाणी एकच न्या.

सत्तरीपुढच्यांचं मोफत उपचाराचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवाच, पण त्यातले 5 लाख भरती होण्यासाठी आहेत. महिन्याच्या गोळ्या त्यात येत नाहीत.