60 टक्के सूट आणि ताईच्या चॅटमधला स्क्रीनशॉट

सेल रात्री बाराला उघडणार होता. मी पावणेबारापासून फोन चार्ज करून, कार्ड शेजारी काढून बसलो होतो. व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचं घरात दोन-तीन महिने घोळत होतं. पान उघडलं तर ठळक अक्षरांत किंमत, तिच्या शेजारी रेघ मारून खोडलेली मोठी किंमत आणि लाल पट्टीत '60% सूट'. खाली घड्याळ उलटं पळत होतं, जेमतेम नऊ मिनिटं उरलेली. त्याच्याही खाली 'फक्त 2 शिल्लक'. मी पैसे भरले आणि काहीतरी जिंकल्यासारखा झोपलो.

वस्तू आली, मी ताईला फोटो पाठवला. कौतुक होईल असं वाटलं होतं. तिने लिहिलं, "अरे, हाच ना तू मागे दाखवला होतास? तेव्हाही एवढ्यालाच होता की."

चॅट मागे सरकवत गेलो. सेलच्या दोन महिने आधी मीच तिला 'हा कसा वाटतो?' म्हणून स्क्रीनशॉट पाठवला होता. तोच क्लीनर, तोच रंग, तोच विक्रेता. किंमतही तीच, शेवटच्या आकड्यापर्यंत. फक्त त्यात लाल पट्टी नव्हती आणि खोडलेला आकडाही नव्हता.

मग मात्र मी खोलात शिरलो. ब्राउझरमध्ये किमतींचा इतिहास दाखवणारं एक्स्टेंशन टाकलं आणि त्या पानाचा आलेख काढला. चार महिने रेघ सपाट. सेलच्या 22 दिवस आधी ती 25 टक्क्यांनी वर चढली. सेलच्या रात्री 20 टक्क्यांनी खाली आली. हिशोब करून बघा: 100 चे 125 झाले, 125 मधून 20 टक्के गेले की परत 100. मला मिळालेली सूट शून्य. आणि ती '60 टक्के' ज्या खोडलेल्या आकड्यावरून काढली होती, त्या किमतीला ती वस्तू आलेखात एक दिवसही विकली गेलेली नव्हती.

मी स्वतःला हिशोबी समजतो, म्हणून हे जास्त लागलं. पण खोडलेला आकडा डोक्यात कसा घर करतो याचं एक जुनं उदाहरण आहे. ट्वर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये मांडलेल्या प्रयोगात लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं आणि मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? चक्र 10 वर थांबलेल्यांचा मध्यक अंदाज 25 आला, 65 वर थांबलेल्यांचा 45. चक्राचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता. माझ्या खोडलेल्या किमतीचा तरी त्या वस्तूशी कुठे होता?

युरोपीय संघात 28 मे 2022 पासून नियम आहे की सवलत जाहीर करताना 'आधीची किंमत' म्हणून साधारणपणे मागच्या किमान 30 दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवायची. टक्केवारीही त्याच किमतीवरून काढायची, हे तिथल्या न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं. माझ्या आलेखाला हा नियम लावला तर 22 दिवसांची चढण 30 दिवसांच्या आतच येते. म्हणजे त्या लाल पट्टीवर '0%' लिहावं लागलं असतं.

ॲमेझॉनसाठी कीपा आणि कॅमलकॅमलकॅमल ही संकेतस्थळं असे आलेख दाखवतात. मी घेतलं ते दुकान वेगळं, पण बघायची रीत सगळीकडे तीच. एकच सांगतो, आलेखातला सर्वांत खालचा खड्डा बघून हुरळू नका. कधी तो वापरलेल्या वस्तूचा असतो, कधी भलत्याच विक्रेत्याचा. वस्तू बहुतेक दिवस कुठल्या किमतीला विकली जात होती ते बघा. कूपन आणि डिलिव्हरीचा खर्च बऱ्याचदा आलेखात येत नाही, तो पैसे भरायच्या पानापर्यंत जाऊनच कळतो.

ताईला टीव्ही घेताना वेगळीच टोपी घातली गेली. नेहमी मिळणाऱ्या मॉडेलपेक्षा नंबरचं शेवटचं अक्षर वेगळं होतं, बाकी सगळं सारखं. घरी आल्यावर एचडीएमआयचं एक पोर्ट कमी निघालं. ते मॉडेल सेलच्या आधी कुठेच नव्हतं, त्यामुळे इतिहास नाही आणि तुलना करायला दुसरं दुकानही नाही. तेव्हापासून ती नंबर अक्षर-अक्षर वाचते.

मी तक्रार केली. स्क्रीनशॉट, आलेख, सगळं जोडलं. उत्तर आलं की ऑर्डर करताना पानावर दिसत होती तीच रक्कम आपल्याकडून घेतली आहे. खरंच होतं ते. परत करावा म्हटलं तर अटींमध्ये बारीक अक्षरांत होतं: सेलमधली वस्तू बदलून मिळेल, पैसे परत नाहीत.

महिन्याभराने त्याच दुकानाचा पुन्हा सेल लागला. मी सहज ते पान उघडलं. किंमत तीच, पण पट्टीवर आता '65% सूट'. खोडलेला आकडाच वाढवला होता. घड्याळ पळत होतं. ते शून्यावर जाईपर्यंत बघत बसलो आणि पान रिफ्रेश केलं. घड्याळ पुन्हा दहा मिनिटांवर. 'फक्त 2 शिल्लक'.

स्क्रीनशॉट काढून ताईला पाठवला. तिचं उत्तर आलं, "साडेबारा वाजलेत. झोप आता."