व्हेवो ३१०० आणि उंदराची पित्तनलिका: पैसे कोणत्या प्रोबवर घालावेत?

फुजीफिल्म व्हिज्युअलसॉनिक्सचं व्हेवो ३१०० हे लहान प्राण्यांच्या संशोधनासाठीच बनवलेलं अल्ट्रासाऊंड यंत्र. पित्तनलिकेच्या कामासाठी ते घेताना खरा प्रश्न प्रोबचा (ध्वनिलहरी सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या भागाचा) असतो, आणि गल्लत तिथेच होते.

आकडे पाहिले की एमएक्स५५०डी घ्यावासा वाटतो: मध्य वारंवारता ४० मेगाहर्ट्झ, अक्षीय रिझोल्यूशन (किरणाच्या दिशेने दोन बिंदू वेगळे दिसायला लागणारं किमान अंतर) ४० मायक्रॉन. निरोगी उंदराची मुख्य पित्तनलिका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, म्हणून बेसलाइन (प्रयोगाआधीचं माप) मोजायची तर हाच हवा. पण नलिका बांधल्यावर, म्हणजे बीडीएल मॉडेलमध्ये, ती काही मिलिमीटरपर्यंत फुगते, पित्ताशय ताणून मोठं होतं आणि खालचा भाग ४० मेगाहर्ट्झला धूसर दिसू लागतो. तिथे ३० मेगाहर्ट्झचा एमएक्स४०० सरस. रिझोल्यूशन ५० मायक्रॉन, म्हणजे गमावलं फारसं काही नाही, आणि खोली मिळते. एकच प्रोब परवडणार असेल तर हाच घ्या. मात्र अभ्यासाच्या मध्यावर प्रोब बदलू नका, मापं जुळत नाहीत.

यंत्र कितीही चांगलं असलं तरी तयारीत कसर राहिली की चित्र वाया जातं. चार तास उपाशी ठेवलं की पित्ताशय भरतं. पाणी चालू ठेवा, पण पिंजऱ्यातला भुसा काढा, नाहीतर उंदीर तोच कुरतडतो. केस काढायचं क्रीम मिनिटभरात पुसून टाका, जास्त ठेवलं तर कातडी भाजते. भुलीचा वायू आयसोफ्लुरेन सुरुवातीला २ ते ३ टक्के, मग १ ते १.५. जेल कोमट हवं आणि सेंट्रिफ्यूज करून बुडबुडे काढलेलं हवं, कारण या वारंवारतेला सुईच्या टोकाएवढा बुडबुडाही काळी सावली टाकतो. प्रोब स्टँडवर लावा आणि कातडीपासून ३-४ मिलिमीटर जेलचा थर ठेवा. हाताने दाबलात तर पित्ताशय चपटं होतं आणि नलिकाही अरुंद दिसते.

सगळ्यात मोठा धोका पोर्टल व्हेनला (यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेला) नलिका समजण्याचा. दोन्ही काळ्या, दोन्ही शेजारी. कलर डॉप्लर (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोय) लावून रंग आला नाही की लोक निर्धास्त होतात. पण किरण प्रवाहाला काटकोनात असेल तर शिरेतही रंग येत नाही. प्रोब थोडा तिरका करा, पीआरएफ (सेकंदाला किती ध्वनिस्पंदनं सोडायची तो आकडा) खाली आणा आणि पुन्हा बघा. मग दोन श्वासांमधल्या स्थिर फ्रेमवर, नलिकेला काटकोनात, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा. छेद तिरका गेला तर व्यास फुगवून दिसतो. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस पोटात राहिलेली हवा आड येते, तेव्हा आलेल्या मापांवर फार विसंबू नये.

रॅटवर (मोठ्या जातीच्या उंदरावर) काम असेल तर हिशेब बदलतो. रॅटला पित्ताशयच नसतं, म्हणजे शोधायची सोपी खूण गेली. पोर्टल व्हेनपासूनच सुरुवात करावी लागते. शिवाय पोट खोल, त्यामुळे आणखी कमी वारंवारतेचा एमएक्स२५० लागतो आणि रिझोल्यूशन ७५ मायक्रॉनवर येतं. न बांधलेल्या नलिकेचा व्यास त्यावर भरवशाने मोजता येईल अशी अपेक्षा ठेवून पैसे घालू नका. फक्त बीडीएलनंतरची फुगलेली नलिका दिसली की पुरे असेल, तर १५-१८ मेगाहर्ट्झचा साधा लिनियर प्रोबही भागवतो.