मेन्यू डावीकडून उजवीकडे गेला, ३८,००० रुपये त्याच्या खिशात

"तुमच्या वेबसाइटचा मेन्यू चुकीच्या जागी आहे, म्हणून गूगल तुम्हाला वर आणत नाही." असा फोन आला तर तिथेच ठेवून द्या.

पहिल्या नंबरची गॅरंटी देणारे एसईओवाले (साइट शोधात वर आणून देण्याचं काम करणारे) सगळ्यांना माहीत आहेत. मला फोन करणारा तसा वाटला नाही. त्याने गूगलच्या एका पेटंटचा दाखला दिला. मी शोधलं, पेटंट खरं निघालं: २००४ मध्ये अर्ज, २०१० मध्ये मंजुरी. लिंक पानावर कुठे आहे, किती ठळक आहे, माणूस ती दाबण्याची शक्यता किती, यावरून तिचं वजन कमीजास्त धरण्याची पद्धत त्यात आहे. इतकं खरं निघाल्यावर पुढच्यावर कोण शंका घेईल? पुढचं असं होतं: "गूगल डावीकडून वाचत येतो, मेन्यूतच अडकतो, मजकुरापर्यंत पोचत नाही. मेन्यू उजवीकडे घ्या."

ऑडिटचे १२,५००. 'मेन्यू रीस्ट्रक्चरिंग'चे १८,०००. वर 'गूगलची इंडेक्सिंग फी' (पानं शोधात नोंदवण्याची) म्हणून ७,५००. अशी फी नसतेच! पैसे घेऊन आम्ही कुणाला शोधात वर आणत नाही, हे गूगलने स्वतःच्या मदत पानांवर लिहून ठेवलंय.

आणि तो क्षण. तो फोनवर बोलत होता, मी दुसऱ्या मोबाइलवर माझीच साइट उघडून बसले होते. मेन्यू कुठे होता? तीन रेघांच्या बटणात घडी घालून. डावं नाही, उजवं नाही. मी विचारलंसुद्धा! "गूगल डेस्कटॉपच बघतो मॅडम," म्हणाला, आणि मी गप्प बसले. जुलै २०१९ पासून नव्या साइटचं मोबाइल रूपच गूगल आधी धरतो, आणि माझी साइट त्यानंतरची. चीड आजही त्याच मिनिटाची येते. काम झाल्यावर त्याच्याकडून पहिल्या नंबरचा स्क्रीनशॉट आला, त्यात शोधलं होतं माझ्याच व्यवसायाचं पूर्ण नाव. त्या नावाला मी पहिली येणारच की.

प्रत्यक्षात त्याने काय केलं? मेन्यूतल्या साध्या लिंका काढून क्लिकवर चालणारी जावास्क्रिप्टची बटणं बसवली. गूगलचा रोबो बटणं दाबत बसत नाही, त्यामुळे आतली पानं शोधातून गळू लागली. तळाशी, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, जुगाराच्या साइटच्या लिंका. सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट शोधात कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गूगलचं साधन, त्यातून मालक म्हणून मलाच काढून टाकलं होतं. (डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तुमच्या नावावर असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये एक डीएनएस नोंद टाकून मालकी पुन्हा सिद्ध करता येते. आजच बघा डोमेन कुणाच्या नावावर आहे.) आत गेल्यावर मॅन्युअल ॲक्शनची, म्हणजे नियम मोडल्याबद्दल गूगलने साइटवर केलेल्या कारवाईची, नोटीस दिसली.

बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच टाकला, हा फ्रॉड नाही. पोलीस म्हणाले, काम तर झालंय, मेन्यू हलवलाय ना? हा दिवाणी वाद. पांढऱ्या अक्षरातल्या लिंका दाखवल्या तर साहेबांनी स्क्रीनकडे बघून विचारलं, "इथे तर काहीच नाही." अहो, तोच तर गुन्हा आहे! ऑनलाइन तक्रारीच्या यादीत हा प्रकारच नाही, 'इतर' निवडा. 'इतर' निवडलं, तर बँकेचं पत्र आणा. बँकेकडे गेले, तर पोलिसांचं पत्र आणा. शेवटी तक्रार बंद झाली. कारण: 'अर्जदाराचे समाधान झाले.' कुणी विचारलं अर्जदाराला?

होस्टिंगचा (साइट जिथे ठेवलेली असते तिथला) पासवर्ड कुणाला देऊ नका. काम करण्यापुरतं वेगळं खातं उघडा, संपलं की बंद करा. सर्च कन्सोलमध्ये मालकी देऊ नका, मर्यादित परवानगी पुरते. बदलाआधीचा बॅकअप स्वतःकडे ठेवा. माझ्याकडे होता म्हणून जुना मेन्यू परत आला, डावीकडेच.

परवा आणखी एक फोन आला. बुडालेले पैसे परत मिळवून देतो, आधी ३,००० भरा. माझी रक्कम त्याला आकड्यासकट पाठ होती. ती त्याला कुणी सांगितली, हेही पोलीस शोधणार नाहीतच.