गॅस-वीज कंपनी बदलून नऊ महिने झाले, इंग्लंडमध्ये स्लाऊला असलेल्या आमच्या घराचा अनुभव

2025 च्या मार्चच्या 3 तारखेला आमचा गॅस आणि वीज दोन्ही नव्या कंपनीकडे गेलं, आता डिसेंबर उजाडलाय. दिवाळीच्या फराळाला जमलो होतो तेव्हा तिघी-चौघींनी विचारलं की अगं खरंच पैसे वाचतात का, तेव्हा तोंडी काय ते सांगितलं पण आकडे नीट देता आले नाहीत, म्हणून काल सगळी बिलं काढून बसले आणि आता लिहितेय.

आधी आमच्या घराचं सांगते म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून बघता येईल. तीन बेडरूमचं टेरेस हाऊस, आम्ही दोघं आणि दोन मुलं, कॉम्बी बॉयलर (हीटिंग आणि गरम पाणी दोन्ही एकाच गॅस बॉयलरवर), स्वयंपाक गॅसवर. वर्षाला वीज साधारण 2,900 युनिट आणि गॅस 12,800 युनिट, युनिट म्हणजे किलोवॅट-अवर. घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकांची जी कंपनी होती तीच आम्ही सहा वर्षं चालू ठेवली, कधी टॅरिफ, म्हणजे दराची योजना, बघितलंच नाही. माझं माहेर डोंबिवलीचं, तिथे वीज म्हणजे महावितरण, दुसरं काही निवडता येतं हे डोक्यातच नव्हतं.

जानेवारीत जुन्या कंपनीचं पत्र आलं की डायरेक्ट डेबिट, म्हणजे दर महिन्याला बँकेतून आपोआप कापली जाणारी रक्कम, 165 वरून 190 पौंड करतोय. अकाउंटला तेव्हा आमचेच 310 पौंड क्रेडिट पडून होते! म्हणजे आम्ही आधीच जास्त भरत होतो आणि तरी वर अजून 25 मागत होते. तेव्हा पहिल्यांदा बिलाचं दुसरं पान उघडून वाचलं आणि कळलं की डायरेक्ट डेबिटचा आकडा म्हणजे आपला खर्च नव्हेच, तो कंपनीने लावलेला अंदाज. खरा खर्च या चार आकड्यांवरून ठरतो, विजेचा युनिट रेट, विजेचा रोजचा स्टँडिंग चार्ज (वापर नसला तरी लागणारा), आणि तेच दोन गॅसचे. कुठलीही ऑफर बघताना हे चार आकडे आणि स्वतःचा वर्षाचा वापर एवढंच बघा, "महिना अमुक पौंड" हे बघूच नका, प्लीज. वर्षाचा वापर बिलावर लिहिलेला असतो.

दुसरा गोंधळ प्राइस कॅपचा, म्हणजे दरावरच्या कमाल मर्यादेचा. ऑफजेम, म्हणजे इथलं सरकारी ऊर्जा नियामक, ती दर तीन महिन्यांनी जाहीर करतं ना, एप्रिल ते जून 2025 ला 1,849 पौंड, जुलै ते सप्टेंबरला 1,720, तर खूप जणांना वाटतं की बिल त्याच्यावर जाणारच नाही. तसं नाहीये, मर्यादा दरावर आहे, बिलावर नाही. हे 2025 चे आकडे वर्षाला 2,700 युनिट वीज आणि 11,500 युनिट गॅस जाळणाऱ्या घरासाठी काढलेले होते, तुम्ही जास्त वापरलंत तर बिल जास्तच येणार.

आम्ही फेब्रुवारीत एक वर्षाचा फिक्स घेतला, म्हणजे वर्षभर दर तोच राहणारं टॅरिफ. वीज युनिटला 23.6 पेन्स, स्टँडिंग 53 पेन्स रोज, गॅस 6.05 पेन्स, स्टँडिंग 31 पेन्स. आमच्या वापराला वर्षाचे होतात 1,765 पौंड, म्हणजे महिना 147. जुनं टॅरिफ कॅपच्या दरानेच चालायचं, त्यामुळे एप्रिलमध्ये कॅपचा सरासरी दर विजेला 27.03 आणि गॅसला 6.99 झाला तेव्हा फार बरं वाटलं. मग जुलैत कॅप खाली आली, 25.73 आणि 6.33, आणि फायदा एकदम कमी झाला, उन्हाळ्यात तसंही हीटिंग बंद असतं. ऑक्टोबरला वीज परत 26.35 झाली. सगळं धरून, जुन्या टॅरिफवरच राहिलो असतो तर जे भरलं असतं त्यापेक्षा नऊ महिन्यांत साधारण 90 पौंड वाचले. जाहिरातीत "300 पौंड वाचवा" असतं, तेवढे आमचे वाचले नाहीत, वाचणारही नाहीत. पण 90 पौंड म्हणजे मुलाच्या शाळेच्या ट्रिपचे पैसे, आणि त्याला लागला एक तास. शिवाय ते अडकलेले 310 सुटले ते वेगळेच.

प्रत्यक्ष बदलणं फारच सोपं आहे, पोस्टकोड टाकला, वापर टाकला, बँक डिटेल दिले, झालं. जुन्या कंपनीला फोनसुद्धा करावा लागला नाही, नवी कंपनीच सगळं बघते. पाच कामाच्या दिवसांत बदल होतो, पहिले 14 दिवस मन बदललं तर रद्द करता येतं. सासूबाई तेव्हा इकडेच होत्या, त्यांचा एकच प्रश्न, कुकर लावलेला असताना मधेच गॅस गेला तर? नाही जात. पाइप तोच, वायर तीच, मीटर तेच, फक्त बिल पाठवणारा बदलतो. त्या दिवशी सकाळी त्यांनी मुद्दाम लवकर उठून वरण-भाताचा कुकर लावून घेतला होता, तीन शिट्ट्या झाल्या, काहीही झालं नाही.

आता जिथे त्रास झाला ते. बदलाच्या दिवशी मीटर रीडिंगचा फोटो काढा, हे मी हात जोडून सांगतेय. आमचं विजेचं मीटर जिन्याखालच्या कपाटात आणि गॅसचं बाहेर भिंतीतल्या पांढऱ्या पेटीत, तिला ती त्रिकोणी भोकाची चावी लागते, ती सापडेना, शेवटी शेजारच्या काकांकडून आणली आणि संध्याकाळी थंडीत मोबाइलचा टॉर्च धरून फोटो काढला. पॉइंटच्या आधीचे पाच आकडे 04817, पॉइंटच्या पुढचे सोडून द्यायचे. नव्या कंपनीने तिथूनच सुरुवात केली. जुन्या कंपनीचं शेवटचं बिल नियमाने सहा आठवड्यांत यायला हवं, ते आलं सातव्या आठवड्यात, आणि त्यात गॅसचं रीडिंग अंदाजे लावलेलं, 04903! म्हणजे मधले 86 घनमीटर दोन्हीकडे मोजले गेले. ऐकायला 86 काहीच वाटत नाही, पण गॅसचा एक घनमीटर म्हणजे जवळपास 11 युनिट, सुमारे 960 युनिट झाले, 61 पौंड आमच्या क्रेडिटमधून उगाच कापलेले.

फोनवर तीनदा तीन वेगळी उत्तरं मिळाली, एक मुलगी चांगली होती पण तिच्या हातात काही नव्हतं. मग फोन बंद केले आणि ईमेलवर लेखी तक्रार केली, तारखेसकट फोटो जोडला, नव्या कंपनीलाही तोच पाठवला आणि दोघांनी एकच रीडिंग मान्य करावं असं लिहिलं. त्यात हेही लिहिलं की आठ आठवड्यांत सुटलं नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाईन, ती सेवा फुकट असते. पाच आठवड्यांनी सुधारलेलं बिल आलं आणि सगळं क्रेडिट बँकेत जमा झालं. फोटो नसता तर ते 61 पौंड गेले असते आणि आम्हाला पत्ताही लागला नसता.

आमची मीटर स्मार्ट आहेत, म्हणजे रीडिंग स्वतःच कंपनीला पाठवणारी, त्यांचंही थोडं झालं. बदल झाल्यावर स्वयंपाकघरातल्या त्या छोट्या डिस्प्लेवर गॅसचा आकडा यायचाच बंद झाला, दोन महिने मी दर 1 तारखेला हाताने रीडिंग टाकत होते, मग आपोआप सुरू झाला. बिल त्यामुळे चुकलं नाही, पण रीडिंग टाकलं नसतं तर अंदाजे बिल आलं असतं आणि तेच रामायण परत.

भाड्याने राहणाऱ्या नव्या मंडळींसाठी एक सांगते कारण हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. बिल तुमच्या नावावर येत असेल, तुम्ही थेट भरत असाल, तर कंपनी तुम्ही निवडू शकता, घरमालकाला कळवून ठेवा फक्त. बिल भाड्यातच धरलेलं असेल तर मात्र तो मालकाचा निर्णय. आणि घरात शिरल्या दिवशी, सामान लावायच्या आधी, मीटरचा फोटो.

फिक्स मधेच सोडला तर आम्हाला गॅस आणि वीज प्रत्येकी 25 पौंड एक्झिट फी आहे, म्हणून जुलैत कॅप उतरली तेव्हा मोह झाला तरी हललो नाही. पण फिक्स संपायच्या आधीचे 49 दिवस ही फी लावता येत नाही. आमचा 2 मार्चला संपतो, म्हणजे ऐन संक्रांतीच्या तोंडावर ती मुभा सुरू होते. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर 13 जानेवारीला गोल करून ठेवलाय, त्या दिवशी परत चार आकडे घेऊन बसणार, जो दर मिळेल तो इथे सांगते.