पन्नाशीची जेट बोट, सहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी एक जुनी जेट बोट घेतली. 1970च्या दशकातली, फायबरग्लासची, लांबीला साडेचार मीटरच्या आसपास. मागे हॅमिल्टन कंपनीचं एका इंपेलरचं, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या एका पंख्याचं, जेट युनिट आणि त्याच्या पुढे होल्डन या ऑस्ट्रेलियन कार कंपनीचं 202, म्हणजे 3.3 लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. हिवाळाभर गॅरेजात तिच्यावर काम केलं, नोव्हेंबरात पाण्यात उतरवली आणि आता मे लागलाय. तासमीटरवर 38 तास झालेत. एवढ्या वापरानंतर चार गोष्टी खात्रीने सांगता येतील असं वाटतं, म्हणून लिहितोय.

मी न्यूझीलंडमध्ये, क्राइस्टचर्चला राहतो, इथे हिवाळा जून ते ऑगस्ट. मूळ सांगलीचा. कृष्णेत पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती लागायच्या तेव्हा आप्पांच्या खांद्यावर बसून त्या बघितलेल्या, त्यामुळे नदी आणि होडी या दोन गोष्टी डोक्यातून कधी गेल्याच नाहीत. पण इथल्या नद्या कृष्णेसारख्या नाहीत. वायमाकारिरी नदी इथल्या सदर्न आल्प्स डोंगरांतून उतरते आणि मैदानात आली की तिचे पदर सुटतात. खडीच्या रुंद पात्रात पाच-सहा धारा, कुठे कमरेएवढं पाणी, कुठे घोट्याएवढं, आणि पूर येऊन गेला की सगळ्या धारा नव्या जागी. तळाखाली पंखा असलेली नेहमीची बोट इथे दहा मिनिटं टिकणार नाही. जेट बोट जन्माला आली तीच अशा पाण्यासाठी.

आजची जेट बोट घडवणारे बिल हॅमिल्टन यांचं आयरिशमन क्रीक हे मेंढ्यांचं फार्म टेकापोजवळ आहे, आमच्यापासून गाडीने काही तासांवर. त्यांना याच उथळ नद्यांमधून उलट, प्रवाहाविरुद्ध जायचं होतं. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पंपावर चालणारी बोट करून पाहिली. आधी पाण्याची धार बोटीच्या तळाखालून सोडली होती. मग ती मागच्या बाजूने, पाण्याच्या पातळीच्या वरून सोडली, आणि तिथून सगळं बदललं. वेगही वाढला आणि तळाखाली आपटण्यासारखं काही उरलंच नाही. तळातल्या जाळीतून पाणी आत येतं, इंपेलर ते ढकलतो, पुढची स्थिर पाती त्याचा पीळ काढतात आणि निमुळत्या तोंडातून ते जोरात मागे फेकलं जातं. बस्स, एवढंच यंत्र. 1960 साली याच बोटी कोलोराडो नदीतून ग्रँड कॅनियन उलटा चढून गेल्या. त्याआधी ते कोणी केलेलं नव्हतं.

आणि 1977 साली सर एडमंड हिलरी तीन जेट बोटी घेऊन गंगासागरहून गंगेतून वर निघाले. बोटींची नावं गंगा, किवी आणि एअर इंडिया. नंदप्रयागजवळ धबधबा आडवा आला तिथपर्यंत त्या पोचल्या. आप्पांनी तेव्हा हे पेपरात वाचलेलं. मी बोट घेतल्याचं फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "हिलरींची होती तसलीच का रे?" तसलीच म्हणजे त्याच घराण्यातली, हो.

आता बोटीबद्दल. बघायला गेलो तेव्हा इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू झालं, आवाज गोल आणि भरदार, आणि मी तिथेच हरलो. साडेसहा हजार डॉलर मोजले. जुनी जेट बोट बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला माझं हात जोडून सांगणं आहे, की इंजिन सगळ्यात शेवटी ऐका. आधी एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन बोटीत उतरा, गालिचा उचला आणि तळफळी टोचून बघा. मी हे घरी आणल्यावर केलं. मागच्या सीटखाली स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला, आणि बाहेर काढला तेव्हा त्याला ओल्या चहापत्तीसारखा काळा भुगा चिकटलेला होता.

फायबरग्लासची बोट म्हणजे सगळी फायबरग्लास, असा माझा समज होता. या वयाच्या बोटींत वरचं कवच फायबरचं, पण आतला सांगाडा लाकडी असतो. तळफळी प्लायवूडची, तिच्याखालचे लांब दांडे लाकडाचे, इंजिन ज्यावर बसतं तेही लाकूडच, वरून फायबरने मढवलेलं. कुठेतरी एक स्क्रू घट्ट बसलेला नसतो, त्यातून पाणी झिरपतं, आणि आधीच्या मालकाने बोट आच्छादनाशिवाय बाहेर ठेवली असेल तर वीस वर्षांत आतून पार माती होते. वरून हात फिरवला तर गुळगुळीत.

जून ते ऑगस्ट याच्यात गेले. इंजिन उचललं, तळफळी कापून काढली, भिजलेला फोम खरवडून सात पोती भरली. इंजिनखालचा डावा दांडा हाताने तुकडे होऊन आला. उजवा ठीक होता, तरी तोही बदलला, आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड, आणि इपॉक्सी, म्हणजे चिकटवायचं रेझिन, महाग आहेत, पण इथे काटकसर करू नका. इथला हिवाळा रेझिनला मानवत नाही. गॅरेजात सात-आठ अंश असेल तर ते दोन दिवस चिकटच राहतं, त्यामुळे बोटीत हीटर लावून, वर ताडपत्रीचा तंबू करून रात्र रात्र ठेवावी लागली. बायकोने आठ आठवडे घरात तो वास सहन केला आणि एकदाही बोलली नाही. उलट फायबरचं कापड कापायला तीच बसायची, कारण तिचा हात सरळ चालतो. पुन्हा इंजिन बसवताना त्याची आणि जेट युनिटची रेषा जुळवायला तीन संध्याकाळी लागल्या. ती रेषा चुकली तर शाफ्टचे जॉइंट आणि बेअरिंग एका मोसमात जातात.

नोव्हेंबरात पाण्यात उतरवली, आणि बोट उठेना, म्हणजे वर येऊन पाण्यावरून सपाट धावेना. थ्रॉटल दाबला की इंजिन रडत मिनिटाला 4,400 फेऱ्यांपर्यंत जायचं, पण बोटीचं नाक आभाळाकडे आणि ढुंगण पाण्यात. दोन माणसं असली तर कशीबशी पाण्यावर यायची, चौघं असलो तर नाहीच. मी कार्ब्युरेटर खोलला, प्लग बदलले, टायमिंग बघितलं. एका मेकॅनिकने इंजिन पूर्ण उघडून बांधायला सांगितलं, चार हजारांचा अंदाज दिला. मी जवळजवळ हो म्हणालो होतो.

वाचवलं ते शेजारच्या आजोबांनी. सत्तरी उलटलेली, सगळं आयुष्य शेती आणि जेट बोटी. ते कुंपणापलीकडून म्हणाले, इंजिन फेऱ्या घेतंय ना, मग इंजिनाचं दुखणं नाही, पंपाची फट मोज.

ट्रेलरवरच्या बोटीखाली सतरंजी टाकून उताणा झोपलो, तळाची जाळी सोडवली आणि बॅटरी तोंडात धरून फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, आत घातला. इंपेलर एका कड्यात फिरतो, त्याला वेअर रिंग म्हणतात. इंपेलरची कड आणि रिंग यांत अर्धा मिलिमीटरच्या आसपास फट असायला हवी. माझ्याकडे गेजची पाती एकावर एक रचली तरी जात होती, दीड मिलिमीटरच्या पुढे. म्हणजे इंपेलर जे पाणी पुढे ढकलत होता त्यातलं बरंचसं त्याच फटीतून मागे निसटत होतं. पन्नास वर्षं वाळू आणि खडी त्या फटीतून गेली होती. पात्यांच्या पुढच्या कडांवर करवतीसारखे दाते पडलेले, हाताचं बोट फिरवलं तर कापेल असे.

नवी रिंग घातली, इंपेलरच्या कडा वेल्डिंगने भरून लेथवर काढून आणल्या, उरलेल्या बारीक खाचा मी स्वतः कानस घेऊन साफ केल्या. सगळं मिळून नऊशे डॉलरच्या आत झालं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच चार माणसांनिशी थ्रॉटल दाबला. इंजिन 4,000च्या पुढे गेलंच नाही, आणि बोट पाच-सहा सेकंदांत सपाट होऊन पाण्यावर आली. आधी दोघांत ताशी 50 किलोमीटर गाठताना दमायची, आता चौघांत 60 ओलांडते. तेच इंजिन, तेच पेट्रोल. मला त्या दिवशी रॅम्पवर डोळ्यात पाणी आलं, हे सांगायला संकोच वाटत नाही.

चालवण्याबद्दल एक गोष्ट अशी आहे की जी कोणी कितीही सांगितली तरी अंगात मुरायला वेळ लागतो. जेट बोटीला सुकाणू नसतं. मागची धार डावीकडे-उजवीकडे वळते, तेच तिचं वळणं. थ्रॉटल सोडला की धार संपली आणि धार संपली की स्टीअरिंग नुसतं चाक. मी पंचवीस वर्षं गाडी चालवतोय, धोका दिसला की पाय आपोआप वर येतो. डिसेंबरात धार अरुंद झाली, पुढे खडीचा बांध दिसला, मी घाबरून थ्रॉटल सोडला आणि बोट सरळ, अगदी नेम धरल्यासारखी, त्या खडीवर चढली. कोणाला लागलं नाही, तळावर चार लांब ओरखडे आले. तिघांनी अर्धा तास ढकलून पाण्यात आणली. तिथे थ्रॉटल धरून वळवली असती तर सहज निघाली असती. त्यानंतर आजोबांनी मला मोकळ्या, रुंद पाण्यात नेऊन दोन तास फक्त एकच गोष्ट करायला लावली. धोका समजायचा, थ्रॉटल धरायचा, वळायचं. नवीन माणसाने हे आधी करावं, नदीत नंतर जावं.

पाणी वाचणं मात्र मी अजून शिकतोय. बारीक, एकसारख्या लाटा म्हणजे उथळ पण सपाट तळ, जाता येतं. एकटाच फुगवटा आणि त्याच्यामागे खळगा, म्हणजे खाली धोंडा. दोन धारा फुटतात तिथे जिचा आवाज मोठा ती धार सोडायची. वेगात असताना बोट वीतभर पाण्यावरूनही निघून जाते, पण तिथे थांबलात तर तळ टेकला आणि निघताना जाळीतून गोटे आत. जानेवारीत तसंच झालं. जोर एकदम गेला, मागून गुरगुर सुरू झाली. काठाला लावून इंजिन बंद केलं, किल्ली खिशात घातली, हे न चुकता करा, आणि युनिटवरचं झाकण उघडून हात घातला. बोट उभी असताना ते झाकण पाण्याच्या वर राहतं, म्हणून नदीतच हे करता येतं. बटाट्याएवढा एक गोटा जाळीच्या दोन गजांमध्ये आणि एक लिंबाएवढा पात्याला टेकून. पाणी इतकं थंड की दोन मिनिटांत बोटं बधिर.

पेट्रोल तासाला साधारण 25 लिटर पिते. 38 तासांचे साडेनऊशे लिटर झाले आणि इथे लिटरला अडीच डॉलरच्या वर मोजावे लागतात. आवाज मोठा आहे, काठावरच्या लोकांना त्रास होतो, म्हणून घरांजवळ आणि मासे धरणाऱ्यांजवळ मी शक्य तितकं हळू जातो. खडीच्या पट्ट्यांवर वसंतापासून पक्ष्यांची घरटी असतात. उजवीकडे वळलेल्या चोचीचा राय-बिल तिथेच उघड्या खडीत अंडी घालतो, आणि ती अंडी दोन हातांवरूनही दिसत नाहीत. त्या महिन्यांत आम्ही पट्ट्यांवर उतरत नाही, चहा बोटीतच पितो. नदी बदलायची असेल तर बोट, ट्रेलर, दोऱ्या, बूट सगळं साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवायचं, कारण डिडिमो नावाचं शेवाळ एका ओल्या दोरीवरून दुसऱ्या नदीत जातं. 2004 साली ते इथे सापडलं आणि कित्येक नद्यांचे तळ त्याने झाकून टाकले.

फेब्रुवारीत आप्पा आले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. लाइफजॅकेटचे पट्टे माझ्या मुलीने बांधले, "आजोबा, श्वास घ्या बघू, घट्ट होतंय का?" घळीपर्यंत वर गेलो, दोन्ही बाजूंना कडे आणि मध्ये निळसर दुधी पाणी. आप्पा पूर्ण वेळ मागे वळून त्या धारेकडेच बघत होते. परतल्यावर त्यांनी युनिटचं तोंड हाताने चाचपलं आणि विचारलं, "एवढ्याशा भोकातून?" मग संध्याकाळी वहीवर पंपाचं चित्र काढायला लावलं आणि समजेपर्यंत उठू दिलं नाही.

अजून बाकी काय आहे तर युनिटच्या मागच्या टोकाचं बेअरिंग. ते पाण्यावरच चालतं, तेलावर नाही, आणि हाताने शाफ्ट हलवला तर किंचित खेळ जाणवतो. या हिवाळ्यात ते बदलायचं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या भागाच्या, पाण्याच्या पोकळीत गंज आहे, तोही उघडून बघायचा.

गेल्या रविवारी मोसम संपवला. इथे जूनमध्ये पाणी गोठतं आणि इंजिनात नदीचंच पाणी फिरत असल्यामुळे ब्लॉकमध्ये थोडं जरी राहिलं तरी तो तडकतो. बाजूचा पितळी प्लग काढला की पाणी धो धो येतं आणि मग अचानक थांबतं. तिथे फसू नका, आत वाळूने भोक बुजलेलं असतं. तार घालून ढवळलं की आणखी दोन-तीन तांबे पाणी येतं आणि शेवटी राखाडी, मैद्यासारखी बारीक वाळू. ती पूर्ण निघेपर्यंत ढवळत राहिलो. प्लग पुन्हा लावला नाही, दोऱ्याने किल्लीला बांधून ठेवलाय, म्हणजे नोव्हेंबरात किल्ली हातात घेतली की तोही हातात येईल.